प्रसिद्ध मुख आणि खरा उपाय

निवडणुकींत व औषधांच्या जाहिरातींत नटनट्यांचीं मुखें आपण नेहमीं पाहतों. रोगाच्या प्रश्नावर त्यांचें कितपत ऐकावें, हा आजचा पाठ आहे.

2006 सालीं अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत मतदारांपुढें मूलपेशींच्या संशोधनाचा प्रश्न आला. शरीरांतील निरनिराळ्या पेशी ज्यांपासून उत्पन्न होतात, त्या मूलपेशी. त्यांपैकीं कांहीं अगदीं आरंभींच्या मानवी गर्भांतून घेतात व त्यांत गर्भाचा नाश होतो. म्हणून वाद माजला. कंपवातानें पीडित नट मायकेल जे. फॉक्स यांनीं जाहिरातींत थरथरत्या अंगानें संशोधनास अनुकूल असलेल्या उमेदवार क्लेअर मॅकॅस्किल यांजसाठीं मतें मागितलीं. रश लिंबॉ या रेडिओवक्त्यानें हें सोंग असावें असें म्हटलें. विरुद्ध पक्षाच्या जाहिरातींत, 2004 च्या चित्रपटांत प्रभु येशूची भूमिका करणारे जिम कॅव्हिझेल बोलले. शेवटीं मॅकॅस्किल निवडून आल्या व संशोधनास संरक्षण देणारी घटनादुरुस्ती थोडक्या मताधिक्यानें संमत झाली.

यांतून काय शिकावें? रोग्याची थट्टा करणें पाप होय. परंतु त्याचें दुःख खरें म्हणून त्याचा पक्षही खराच, असें ठरत नाहीं. तसेंच येशूची भूमिका केल्यानें नटाच्या मुखीं येशूचा अधिकार येत नाहीं.

आमच्या सेवाग्रामचेंच उदाहरण घ्या. 1939 सालीं कुष्ठरोगी पंडित परचुरे शास्त्री येथें आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांस आश्रमांत ठेवून स्वहस्तें त्यांचें अंग चोळलें. त्या प्रसिद्ध हातांनीं भय सोडण्यास शिकविलें. परंतु रोग हटला तो पुढें कसोटीस उतरलेल्या सल्फोन औषधांनीं. आणि 1951 सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनच्या सेवकांनीं उपचार गांवोगांव नेला. कीर्ति दार उघडते. गुण मात्र औषधानेंच येतो.

भारताच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनीं रक्ताच्या रोगांवरील प्रत्यारोपणाखेरीज मूलपेशींचे इतर उपचार संशोधनापुरतेच ठेविले. तेव्हां नटाचें चित्र दाखवून कोणी असाध्य रोग बरा करण्याचे पैसे मागेल, तर शेत गहाण टाकण्यापूर्वीं कस्तूरबा रुग्णालयांतील डॉक्टरांस विचारा.

उपदेशकांनीं सभेंत विचारावयाचे प्रश्न :
1. बोलणाऱ्यानें हें दुःख स्वतः भोगलें आहे काय?
2. तो पैसे घेऊन बोलतो काय?
3. उपायाची कसोटी कोणी व कशी घेतली?