साइट बांधायला बसशील तेव्हा

अप्लाइड आर्टचं शेवटचं वर्ष लागलं की पोरं आधी टेम्पलेट शोधायला बसतात. तू तसं करू नकोस. आधी काम गोळा कर. चार वर्षांतलं सगळं एका फोल्डरमध्ये टाक आणि त्यातून सहा, फार तर आठ कामं निवड. पोर्टफोलिओ म्हणजे रुखवत नव्हे. केलेला प्रत्येक जिन्नस मांडलाच पाहिजे असं इथे नसतं. एक कच्चं काम शेजारच्या चांगल्या कामालाही खाली ओढतं. स्टुडिओसाठी मुलं निवडायचं काम मी पुष्कळ वर्षं केलंय. बघणारा पहिली दोन कामं नीट बघतो, पुढची चाळतो. म्हणून सगळ्यात चांगलं ते पहिलं.

मग प्रत्येक कामावर चार ओळी लिही, आणि त्या साइट उघडण्याच्या आधी लिही. टेम्पलेटमधल्या रिकाम्या चौकटी समोर आल्या की माणूस त्या भरायच्या म्हणून भरतो. ‘एसटी स्टँडसाठी पाट्यांची रचना’ एवढ्याने कोणाला काय कळणार? त्यापेक्षा असं लिही: ‘स्टँडवर लोक पाटी वाचत नाहीत, कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन विचारतात. म्हणून फलाटाचा आकडा लांबून दिसेल एवढा मोठा केला आणि गावांची नावं त्याखाली घेतली. अक्षरं माझी, नकाशा वर्गमैत्रिणीचा.’ अडचण काय होती, तू काय केलंस आणि त्यात तुझा वाटा किती, हे तिन्ही त्यात आलं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये वाटा सांगायला अजिबात लाजू नकोस, आणि दुसऱ्याचा लपवूही नकोस. इंटर्नशिपमधलं काम लावायचं तर तिथल्या वरिष्ठांची परवानगी घे. शेवटच्या सफाईदार चित्राशेजारी एखादं खोडलेलं स्केचही ठेव. मला स्वतःला तेच बघायला आवडतं, कारण विचार कसा वळला ते तिथे दिसतं.

आता टेम्पलेट. फुकटात आणि टिकाऊ हवं असेल तर मी गिटहब पेजेस सांगेन. ही सोय 2008 पासून आहे, आणि साइट 1 जीबीच्या आत ठेवायची असते. तुझ्या कामाला तेवढी जागा पुरून उरते. युजरनेम घेताना डोकं शांत ठेव. तुझा पत्ताच ‘युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ’ असा होणार, तेव्हा तिथे टोपणनाव नको, नाव-आडनाव घे. रेपॉझिटरीला, म्हणजे फाइली ठेवायच्या जागेला, अगदी तोच पूर्ण पत्ता नाव म्हणून दे. दुसरं काही दिलंस तर साइट त्या पत्त्याखालच्या पोटपत्त्यावर जाते, आणि जेकिलचं टेम्पलेट असेल तर कॉन्फिग फाइलमधला ‘बेसयूआरएल’ बदलेपर्यंत पान रंगाविना, रचनेविना उघडं पडतं. अशा वेळी पोरं घाबरून सगळं पुसतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. एका ओळीचं काम असतं ते.

लायसन्स वाच. एचटीएमएल5 अपची टेम्पलेट फुकट असतात, पण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अटीवर: तळाशी बनवणाऱ्याचं श्रेय राहू द्यायचं. काही मुलं पहिली ती ओळ उडवतात. उद्या तुझं नाव कोणी तुझ्या पोस्टरखालून खोडलं तर तुला कसं वाटेल?

श्रेय सोडून बाकी जे तुझं नाही ते मात्र झाडून काढ. नमुन्याचा लॅटिन मजकूर, हसऱ्या परक्या माणसाचा फोटो, कुठेच न जाणारी ट्विटरची चिन्हं, ‘आमच्या सेवा’ नावाचं पान. संपर्काचा फॉर्म तर हमखास काढ. गिटहब पेजेसवर पीएचपी चालत नाही, त्यामुळे बाहेरची एखादी सेवा जोडल्याशिवाय तो फॉर्म दिसतो छान आणि निरोप कुठेच पोचवत नाही. त्यापेक्षा साधा ईमेल दे, तोही स्वतःचा. कॉलेजचं खातं शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकतं. घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर नको. आपल्याकडे बायोडेटात जन्मतारीख, वडिलांचं नाव, आधार क्रमांक असं सगळं लिहायची सवय आहे, आणि तीच पीडीएफ साइटवर चढते. साइटसाठी वेगळी प्रत कर.

मराठी मजकूर असेल तर इथे जरा थांब, कारण बहुतेक टेम्पलेट रोमन अक्षरांसाठी बेतलेली असतात. त्यांच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते, मग ब्राउझर हाताला येईल तो फॉन्ट लावतो. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी घे, दोन्ही मोफत आहेत. शीर्षकांमध्ये ‘लेटर-स्पेसिंग’ दिलेलं असतं, ते शून्य कर. नाहीतर शिरोरेषा तुटते आणि तुझं नाव सुटी अक्षरं टांगल्यासारखं दिसतं. ‘लाइन-हाइट’ वाढव, म्हणजे वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांवर आदळणार नाहीत. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवू नकोस, तो युनिकोडमध्ये आण. अक्षरावर प्रेम करणाऱ्या मुलीच्या साइटवर शिरोरेषा तुटलेली असू नये, एवढं मी हट्टाने सांगेन.

चित्रांचं थोडक्यात. मोबाइलच्या फोटोची फाइल चार-पाच एमबीची असते. रुंदी 1600 पिक्सेलवर आण, फाइल हलकी होईल. फोटोत काढल्या जागेची नोंद लपलेली असू शकते, तीही पुसून टाक. फाइलचं नाव रोमन छोट्या अक्षरांत, जागा न सोडता. विंडोजला कॅपिटल आणि छोटं अक्षर सारखंच वाटतं, गिटहबच्या सर्व्हरला नाही. म्हणून घरी दिसणारं चित्र साइटवर गायब होतं. प्रत्येक चित्राचं वर्णन ‘ऑल्ट’मध्ये लिही, दृष्टिहीन वाचकाला तेच ऐकू येतं.

आणि मूळ फाइली हार्ड डिस्कवर ठेव. याहूने जिओसिटीज 2009 मध्ये बंद केलं तेव्हा लोकांची वर्षानुवर्षांची पानं गेली. फुकट जागा देणाऱ्यावर किती भरवसा टाकायचा ते त्यावरून ठरव.

लिंक पाठवण्याआधी ती इन्कॉग्निटो खिडकीत उघड. ड्राइव्हवर ठेवलेली पीडीएफ तुला उघडते, कारण तू लॉगिन असतेस. दुसऱ्याला तिथे परवानगी मागावी लागते, आणि निवड करणारा ती मागत बसत नाही, पुढच्या मुलाकडे वळतो. मग आईच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, सगळी पानं एकदा उघडून बघ. त्यानंतर मला पाठव. शुद्धलेखन मी बघून देईन.