गॅरेजची कड

सांगलीतल्या आमच्या घराचं गॅरेज रस्त्यापासून सहा इंच उंच. बाबांना व्हीलचेअर लागली तेव्हा तिथे रॅम्प केला. पहिला एका पावसाळ्यात उखडला. दुसरा करताना जे कळलं, ते इथे मांडते.

१. सिमेंटला सिमेंट चिकटतंच, असं मी धरून चालले होते. गॅरेजचा कोबा घोटून गुळगुळीत केलेला, त्यावर स्कूटरच्या तेलाचे डाग. पहिल्या वेळी त्यावरच काँक्रीट ओतलं. श्रावणात वरच्या कडेचा तुकडा हातानं उचलला, तर खालचा कोबा तसाच चकचकीत. दुसऱ्या मिस्त्रींनी आधी तेलाचे डाग धुण्याच्या सोड्यानं घासून काढले. मग अर्धा दिवस छिन्नी-हातोडा घेऊन नुसते टाचे मारले, आतली खडी दिसेपर्यंत. धडधाकट कड अशी फोडताना बघवेना, मी दोनदा घरात निघून गेले. पण नव्या काँक्रीटला धरायला तीच खरखरीत जागा हवी होती.

२. रॅम्पचं वरचं टोक कागदासारखं निमुळतं होत जुन्या फरशीला मिळालं, की काम सुबक झालं असं वाटतं. पहिल्या वेळी मीच ते तसं करून घेतलं होतं. पण जिथे जाडीच उरत नाही तिथे २० मिलिमीटरची खडी मावणार कुठे? राहतो तो नुसता मसाला, आणि चाकाखाली त्याचे पापुद्रे निघतात. या वेळी कटरनं सरळ रेघ मारून कडेला चार इंच रुंद, दोन इंच खोल खाच काढली. त्यामुळे नव्या काँक्रीटची जाडी शेवटपर्यंत कुठेच दोन इंचांखाली गेली नाही.

३. जुना कोबा पाणी पितो. "ताई, रात्री पोटभर पाणी पाजा, सकाळी मात्र वर थेंब साचलेला नको," मिस्त्री म्हणाले. कोरडी कड नव्या मालातलं पाणी शोषून घेते आणि सांध्यालाच काँक्रीट कच्चं राहतं. साचलेलं पाणी असेल तर तिथला माल पातळ होतो. सकाळी त्यांनी कडेवर तळवा ठेवला: ओल होती, पाणी नव्हतं. मग ब्रशनं सिमेंटची स्लरी लावली आणि लगेच माल ओतला. स्लरी वाळू दिली असती, तर तोच थर दोघांना एकमेकांपासून तोडणारा ठरला असता.

४. आमच्याकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रॅम्प तिच्याबरोबर हलतो. म्हणून ती खणून काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुमसानं ठोकला. शिवाय गॅरेजच्या जोत्याच्या काँक्रीटमध्ये आडवी भोकं पाडून, त्यांतली धूळ सायकलच्या पंपानं उडवून, १० मिलिमीटरच्या सळ्या इपॉक्सीनं बसवल्या. धूळ राहिली तर इपॉक्सी भोकाला न धरता धुळीला धरतं.

५. उतारासाठी जागा सोडवत नाही. पहिला रॅम्प तीन फुटांत उरकला होता आणि बाबांना ढकलताना माझ्या हातांना कंप सुटायचा. व्हीलचेअरसाठी एकास बारा, म्हणजे सहा इंचांना सहा फूट. अंगणातली जास्वंद काढावी लागली, त्याची रुखरुख अजून आहे. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून रॅम्प कोब्याहून अर्धा इंच खाली ठेवावा, असं मिस्त्रींचं मत होतं. मी मात्र दोन्ही एका पातळीत ठेवायला लावले, कारण खुर्चीची पुढची चाकं लहान असतात आणि तेवढ्या उंबऱ्यालाही अडतात. पाणी उतारानं रस्त्याकडेच जातं.

६. नवं काँक्रीट ओलं ठेवायला सपाट जागेवर आळी करून पाणी साठवता येतं, उतारावर ते थांबत नाही. म्हणून ओली गोणपाटं पसरली, दहा दिवस. पहिल्या दिवशी मी दुपारची कामावरून आले, तर बाबा गॅरेजच्या कडेशी खुर्ची लावून, हातात नळी धरून बसले होते. "हे माझ्याकडे दे," म्हणाले. पुढचे नऊ दिवस त्यांनी एकही गोणपाट वाळू दिलं नाही.