जमीन, खडक आणि सागरतळ : नकाशाचे प्रमाण आणि नकाशाचे शून्य

महाराष्ट्राला ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, असे शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोंदीत मात्र राज्याच्या किनाऱ्याची लांबी दीर्घकाळ ६५२.६ किलोमीटर होती आणि अलीकडच्या फेरमोजणीनंतर ती ८७७.९७ किलोमीटर झाली आहे. संपूर्ण देशाचा आकडा याच फेरमोजणीत ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. या अवधीत कोकणात नवी भूमी निर्माण झालेली नाही. जुनी लांबी १९७० च्या दशकात १:४५,००,००० या प्रमाणाच्या नकाशावरून काढली होती. नवी लांबी १:२,५०,००० या प्रमाणाच्या नाविक नकाशांच्या संगणकीय माहितीवरून काढण्यात आली. पहिल्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ४५ किलोमीटर. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग येथील खाड्यांची वळणे त्यात मावणार तरी कशी? दुसऱ्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर होतात, आणि पूर्वी सरळ रेषेत बुजून गेलेली वळणे मोजणीत येतात. याहून मोठ्या प्रमाणाचा नकाशा घेतल्यास किनारा आणखी लांब भरेल.

देशाची भूमी, तिच्याखालील खडक आणि सागरतळ यांविषयीची जी माहिती आज संगणकात साठविली जाते, तिला भू-स्थानिक माहिती म्हणतात. प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांशांची जोड असते, हे तिचे वैशिष्ट्य होय. रस्ते हा एक थर, नद्या हा दुसरा, खडकांचे प्रकार हा तिसरा, विहिरींची पाणीपातळी हा चौथा, असे थर एकमेकांवर ठेवून पाहता येतात. मात्र हे थर एकाच वेळी, एकाच हाताने तयार झालेले नाहीत.

तीन सर्वेक्षणांचा वारसा

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्यातूनच पुढे देशाची भूमी चौकटीत बसविणारे स्थलदर्शक नकाशे उभे राहिले. १:५०,००० प्रमाणाच्या प्रत्येक नकाशात पंधरा कलांचा चौकोन असतो. पुणे शहराचा मोठा भाग ४७ एफ/१४ या क्रमांकाच्या नकाशात येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ ची. त्याच्या भूवैज्ञानिकांनी हेच नकाशे हाती घेऊन, पायी हिंडून, खडकांच्या सीमा त्यांवर नोंदविल्या. समुद्राची खोली मोजण्याचे काम देहरादून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाकडे आहे. समुद्राचे काम करणारे हे कार्यालय हिमालयाच्या पायथ्याशी असावे, याचे अनेकांना कुतूहल वाटते.

जहाजावरून सोडलेला ध्वनी तळावर आपटून परत येतो, त्या वेळेवरून खोली ठरते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाव्या भागात परतला, तर जाऊन-येऊन १५० मीटर अंतर झाले, म्हणजे खोली ७५ मीटर. पूर्वी जहाजाच्या मार्गाखालील एकच रेषा अशी मोजली जाई. आता एकाच वेळी अनेक ध्वनिशलाका पंख्यासारख्या सोडून तळाचा रुंद पट्टा मोजता येतो. तळावर काय आहे आणि तळाखाली काय आहे, हे निराळे प्रश्न. त्यांसाठी गाळाचे नमुने काढावे लागतात, कृत्रिम कंपने सोडून त्यांचे परावर्तन टिपावे लागते. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये तेल सापडले, ते अशा कंपन-सर्वेक्षणानंतर केलेल्या खोदाईत. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रावर भारताचे अधिकार निश्चित झाले आणि सागरतळाच्या मोजणीस निराळेच महत्त्व आले.

एकाच रंगाखाली दडलेले

महाराष्ट्राचा भूवैज्ञानिक नकाशा प्रथम पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. राज्याच्या पाच भागांपैकी चार भागांहून अधिक क्षेत्र एकाच रंगाने व्यापलेले दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहिलेल्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. परंतु विहीर खणणाऱ्याला ठाऊक असते, की हा पाषाण सर्वत्र सारखा नाही. एका थराचा माथा पोकळ्यांनी भरलेला व झिजून मुरूम झालेला, तर खालचा भाग अखंड कातळ. पाणी कोठे लागेल हे या फरकावर ठरते. म्हणूनच राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची विभागणी सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत करून त्यांतील निरीक्षण विहिरींची पातळी नोंदविण्याची पद्धत रूढ केली.

या काळ्या थराखाली काय आहे, हे पृष्ठभागाचा नकाशा सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तो प्रदेश तोवर स्थिर मानला जात असे. नंतर तेथे घेतलेल्या वेधनछिद्रात बेसॉल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली आणि त्याखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक लागला. गुरुत्वाकर्षण व चुंबकीय मापनाचे थर तयार करण्याचा खटाटोप याचसाठी असतो.

सह्याद्रीतील याच बेसॉल्टची झीज होऊन त्यातील टायटॅनियमयुक्त जड खनिजे ओढ्या-नद्यांनी समुद्रात नेली. रत्नागिरी परिसराच्या पुळणींवरील आणि खाडीमुखांपुढील काळ्या वाळूत इल्मेनाइट सापडते, ते यामुळे. खडकाचा थर आणि सागरतळाचा थर शेजारी ठेवले, की हा प्रवास नजरेस येतो.

शून्य कोठे?

जमीन व समुद्र यांचे थर जोडताना मोठी अडचण येते ती शून्याची. जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. नाविक नकाशातील खोली मात्र अतिनीच ओहोटीच्या जवळपासच्या पातळीपासून मोजतात. नावाड्याला कमीत कमी पाणी किती मिळेल, हे कळणे आवश्यक असते. मुंबई बंदरात या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. हे लक्षात न घेता दोन्ही नकाशे जोडले, तर किनाऱ्यावर अडीच मीटरची खोटी पायरी तयार होते. भरतीचे पाणी किती आत येईल याचा हिशेब करताना एवढा फरक वस्तीच्या वस्ती बुडवील किंवा कोरडी दाखवील.

आडव्या दिशेनेही अशीच चूक संभवते. जुने स्थलदर्शक नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेले आहेत. उपग्रहावरून मिळणारे स्थान वेगळ्या, जागतिक आकारमानावर. रूपांतर न करता एकावर दुसरा ठेवल्यास महाराष्ट्रात शंभर मीटरहून अधिक घसरण होते. १:५०,००० च्या नकाशावर ही घसरण दोन-तीन मिलिमीटर भरते. एखाद्या वाडीचा विस्तारही साधारण तेवढाच असतो.

वाडी आणि उतार

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांचा शोधच लागला नाही. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने त्या वेळी स्पष्ट केले.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभर दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. उतार, खडक, मातीची जाडी, वनाच्छादन, जुन्या दरडी असे थर त्यासाठी एकत्र आणले जातात. कोणत्या डोंगररांगेकडे प्रथम लक्ष द्यावे, हे या नकाशावरून उत्तम कळते. अर्ध्या मिलिमीटरची रेषाही तेथे पंचवीस मीटर रुंद असते. अमुक घर सुरक्षित की नाही, हे तिच्यावरून ठरविणे म्हणजे नकाशावर अन्याय आणि त्या घरावर त्याहून अधिक. त्यासाठी १:१०,००० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणावर, प्रत्यक्ष उतारावर जाऊन, जमिनीला पडलेल्या भेगा व पावसाळ्यात नव्याने फुटणारे झरे नोंदवून केलेली पाहणी लागते.

माहिती मिळविण्याचा मार्ग पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाला आहे. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरील बरेचसे निर्बंध उठविले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या भांडारातून खडकांचे थर पाहता येतात. राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडाराचा आरंभ १९ डिसेंबर २०२३ रोजी झाला. कोणताही थर उतरवून घेताना त्यासोबत तीन नोंदी पाहाव्यात: तो कोणत्या प्रमाणावर तयार झाला, कोणत्या वर्षी, आणि त्याचे शून्य कोणते. संगणकाच्या पडद्यावर नकाशा हवा तेवढा मोठा करता येतो, परंतु मूळ सर्वेक्षकाने न टिपलेली वाडी त्यामुळे नकाशात येत नाही.