उंट एच-७ वर देण्याआधी

मुलुंड (पूर्व)

चि. सोनूस,


अंधेरीच्या स्पर्धेतला तुझा डाव काल पटावर मांडला. एच-७ वर उंट दिलास, घोडा जी-५ वर, वजीर एच-५ वर, आणि जिंकलीस. घरी सगळे खूश आहेत, मीही आहे. पण तो बळी बरोबर नव्हता. हे आत्ताच सांगतो, कारण जिंकलेला डाव कुणी पुन्हा तपासत नाही.

तुझा वजीर एच-५ वर आला तेव्हा काळ्याच्या सी-८ वरच्या उंटाची वाट मोकळी होती. तो एफ-५ वर आला असता तर एच-७ चं घर राखलं गेलं असतं. मग तुझा एक मोहरा गेलेला आणि हल्लाही संपलेला. समोरच्या मुलाने घाबरून हत्ती हलवला, म्हणून तुझं निभावलं. शिवाय घोड्याच्या शहावर राजा जी-८ लाच परतेल असं तू धरून चाललीस. एच-६ वर आला तर घोडा हलताच सी-१ च्या उंटाचा शह बसतो, ते ठीक. पण तो जी-६ वर आला तर? या बळीची खरी परीक्षा बहुतेक वेळा याच घरावर होते. तिथे तुझा वजीर किंवा एच-पट्टीतलं प्यादं लगेच कामाला येतं का, हे उंट उचलण्याआधी दिसायला हवं.

ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ श्पीलमनने १९३५ च्या आपल्या पुस्तकात बळींचे दोन प्रकार केले. एकाची परतफेड मोजता येते. दुसरा शेवटपर्यंत मोजता येत नाही, आणि त्यालाच तो खरा बळी म्हणतो. तुझा उंट पहिल्या प्रकारातला. तिथे ‘वाटलं म्हणून दिला’ चालत नाही. दुसऱ्या प्रकारात मी एवढंच पाहतो : पुढच्या तीन-चार चालींत समोरच्याच्या राजापाशी माझे किती मोहरे पोचतात आणि वाचवायला त्याचे किती. आपले मोजायला सगळ्यांनाच आवडतं. तू त्याचे आधी मोज. त्याने बळी घेतलाच नाही तर काय, हेही बघ.

एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत, दुसऱ्या फेरीत, आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने काळे मोहरे घेऊन अमेरिकेच्या हिकारू नाकामुराविरुद्ध अकराव्याच चालीला एच-३ च्या प्याद्यावर उंट दिला आणि डाव जिंकला. नाकामुरा त्याआधी सलग ४७ क्लासिकल डाव हरला नव्हता. तो घाबरून हत्ती हलवेल या आशेवर कोण उंट देईल? बोरिवलीच्या मुलासमोर बसलीस तरी मोजताना समोर नाकामुरा आहे असं धर.

रविवारी दादरला गाडी बदलून इकडे ये. तोच डाव मांडू. काळे मोहरे मी घेईन आणि राजा जी-६ वर आणेन. पुढची चाल तू आधीच शोधून ठेव.

तुझा,
मामा