हाक डोंगरात विरते, मोबाईलमध्ये नाही



तोरण्याच्या पायथ्याशी उभे राहून हाक मारा. डोंगर ती परत देतो अन् थोड्या वेळाने सारे शांत होते. मोबाईलवर टाकलेला शब्द मात्र असा विरत नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. अभ्यासासाठी मोबाईल मुलांच्या हाती आला. त्याचा उपयोग पुष्कळ झाला. पण चिडवाचिडवीही त्याच्यावर चढली.

समजा, सातवीतली एक मुलगी खो-खो खेळताना पडली. कोणी तिचा फोटो काढला, खाली वेडेवाकडे नाव लिहिले अन् वर्गाच्या ग्रुपवर टाकला. दहाजण हसले, पाचजणांनी पुढे पाठवला. मैदानावरची चिडवाचिडवी घंटा झाली की थांबते. हा फोटो तिच्यासोबत घरी येतो. तिला जेवण जात नाही, शाळेत यावेसे वाटत नाही. यालाच सायबर छळ म्हणतात.

नॉर्वे देशातील शास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेअस यांनी शाळांतील छळाचा अभ्यास केला. छळाच्या तीन खुणा त्यांनी सांगितल्या : तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि ज्याला प्रतिकार करणे जड जाते त्याच्यावर होतो. आता विचार करा. फोटो टाकणाऱ्याने एकदाच टाकला. पण पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो छळ पुन्हा केला! म्हणूनच फिनलंडमधील शाळांच्या 'किवा' या उपक्रमात बघणाऱ्या मुलांनाही शिकवतात, की हसू नका, त्रास होणाऱ्याला साथ द्या.

असे घडले तर काय करावे?

१. उलट शिवी देऊ नका. त्याने वणवा वाढतो.

२. मेसेज लगेच पुसू नका. आधी स्क्रीनशॉट काढा, तोच पुरावा. तो मोठ्या माणसांनाच दाखवा. मग पाठवणाऱ्याला ब्लॉक करा.

३. त्याच दिवशी आई-बाबांना, गुरुजींना किंवा बाईंना सांगा. पालकांनीही "थांब, मोबाईलच काढून घेतो" असे म्हणू नये. नाहीतर पोर पुढच्या खेपेला तोंडच उघडणार नाही.

४. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे. त्याची सुरुवात १९९६ साली मुंबईत झाली. दहा-नऊ-आठ, पाठ करा! पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे.

दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते काढून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्हा आहे. "गंमत केली" म्हणून सुटका होत नाही.

लक्षात ठेवा : चिडवणाऱ्याचे बळ हसणाऱ्यांत असते. फोटो तुमच्याकडे आला, की तो तिथेच थांबवा. अन् दुसऱ्या दिवशी त्या मुलीशेजारी जाऊन बसा.

स्वाध्याय

१. छळाच्या तीन खुणा कोणत्या?
२. मेसेज लगेच का पुसू नये?
३. १०९८ हा क्रमांक घरी कोठे लिहून ठेवाल?