गाडी आपल्याला दिसली, पण आपण गाडीवाल्याला दिसलो का?

कळमन्याचा बाजार पहाटेच जागा होतो. संत्रा, मिरची, कांदा-बटाट्याचे ट्रक आणि मेटॅडोर रस्त्याच्या कडेला लागतात. त्यांच्यामधूनच आपल्या वस्त्यांतली लेकरे पाठीवर दप्तर घेऊन शाळेत निघतात. लेकरू आजारी पडू नये म्हणून आपण लस देतो, पाणी उकळून देतो. रस्त्यावरचा अपघात हासुद्धा आरोग्याचाच प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात ५ ते २९ वर्षे वयातील मृत्यूंचे पहिले कारण रस्ते अपघात हेच आहे.

मुलांना वाटते, आपल्याला गाडी दिसली म्हणजे गाडीवाल्यालाही आपण दिसलो. हा समज घातक आहे. सात वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम चार फूट असते. ट्रकचालकाची नजर जवळपास त्याच्या दुप्पट उंचीवर. केबिनच्या अगदी समोर, डाव्या अंगाला लागून किंवा ट्रकच्या मागे असलेले मूल त्याला दिसतच नाही.

दिसले तरी गाडी लगेच थांबत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १० मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच साधारण तेवढा वेळ जातो. पावसात रस्ता ओला असला तर अंतर आणखी वाढते.

म्हणून घरात एवढे नियम पाळू या :

१. नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना वेगाचा अंदाज नीट येत नाही. त्यांना मोठा रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नका. बोट नव्हे, मनगट धरा.

२. उभ्या ट्रकच्या पुढून किंवा दोन गाड्यांच्या फटीतून रस्ता ओलांडू नये. मागे येणाऱ्या ट्रकजवळून जाऊ नये.

३. फुटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, एकामागे एक चालावे.

४. मोठ्या मुला-मुलींनी रस्त्यावर मोबाईल खिशात आणि हेडफोन गळ्याखाली ठेवावा. हॉर्न ऐकू आला पाहिजे.

५. पहाटे, संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे घालावेत.

अपघात झालाच तर १०८ वर फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मानेला किंवा पाठीला मार असल्याची शंका असेल तर ओढून उठवू नका. पाणी पाजू नका. डोक्याला मार लागल्यावर उलटी झाली, गुंगी आली तर मूल चालते-बोलते असले तरी ताबडतोब मेयो किंवा मेडिकलला न्या. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होईल, ही भीती नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ त्याला संरक्षण देते. आपले नाव सांगण्याची सक्तीही कोणी करू शकत नाही.

आपल्या वस्तीतले कितीतरी भाऊ बाजारात हमाली करतात, गाडी चालवतात. त्यांच्यापैकी एखाद्याला रविवारी वंदनेनंतर बोलवू या. इंजिन बंद, चावी काढलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये एकेका मुलाला बसवू या आणि त्याच्या मित्राला ट्रकसमोर उभे करू या. मित्र दिसेनासा झाला की बाकीचे सांगावे लागणार नाही.

शाळेसमोर झेब्रा पट्टे आणि गतिरोधक हवेत, म्हणून महिला मंडळाच्या सह्यांचा अर्ज महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात देऊ या आणि पोच घेऊन ठेवू या. पायी चालणाऱ्याचाही रस्त्यावर तेवढाच हक्क आहे.