ट्रिगर ओढू नका, दाबा

नेमबाजी संघाच्या निवडीत माझ्या दहापैकी चार छर्रे खाली डावीकडे गेले आणि माझे नाव राहिले. मला वाटले, एअर पिस्तुलाचा ट्रिगरच जड आहे.

दिवाळीच्या सुट्टीत जबलपूरला, सदरमधल्या घरी गेल्यावर आजोबांना विचारले, "स्प्रिंग हलकी करता येईल का?" आजोबा तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीत फिटर होते. ते म्हणाले, "सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी अंगठ्याने मागे ओढतात. ट्रिगरला फक्त तो सोडायचा असतो, म्हणून तो हलकाच असतो. तरी नवशिक्याची गोळी चुकतेच. दोष बोटात असतो, बाळा. आणि कानस लावलेले हत्यार नुसत्या धक्क्यानेही सुटू शकते."

नियमानुसार 10 मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅम दाब लागलाच पाहिजे. वजन टांगून तो तपासतात. आजोबांनी अर्धा लिटर पाण्याची बाटली सुतळीने माझ्या तर्जनीला अडकवली. "फक्त हेच बोट हलव." माझी सगळी बोटे आवळली गेली. चूक सापडली!

मी शिकलो ते असे :

1. मूठ हात मिळवताना असते तेवढीच घट्ट धरावी.
2. ट्रिगरवर बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य ठेवावा. बोट मुठीच्या लाकडाला घासू नये.
3. दाब सरळ मागे आणि हळूहळू वाढवावा. नजर फोरसाइटवर ठेवावी.
4. पिस्तूल स्वतः उघडू नये, प्रशिक्षकांना सांगावे.

सुट्टीनंतर पुन्हा दहा छर्रे मारले. खाली एकच गेला. पिस्तूल तेच होते.